दिवाडीच्या खाजनात रिकम्बंट शिकायला

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की समोर मांडवी लागते आणि पलीकडे दिवाडी बेट. रिकम्बंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल. साठीच्या आसपास ती पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांना मी याच बेटावर यायला सांगतो. आधी खारफुटी, मग खाजन, म्हणजे नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतांमधून जाणारा सपाट रस्ता, मग गाव आणि शेवटी टेकडी. शिकायचा क्रमही हाच हवा.

सकाळची लवकरची फेरीबोट गाठावी. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, शिवाय या सायकलीवर तोंड आकाशाकडे असतं, त्यामुळे ऊन थेट डोळ्यांत येतं. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली टोपी आणि गॉगल हवाच. फेरीच्या उतारावर ओली माती असते, तिथे सायकल हातात धरूनच न्या. रिकम्बंट हँडल धरून नीट चालवत नेता येत नाही. सीटची पाठ धरा आणि वळायचं त्या बाजूला ती किंचित कलती करा, पुढचं चाक आपोआप वळतं.

फेरीत लोक विचारतात, इतकी आरामाची सायकल दुकानात का दिसत नाही? याचं बरंचसं उत्तर पॅरिसमध्ये आहे. १९३३ साली फ्रान्सिस फोरने शार्ल मोशेच्या रेलून चालवायच्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलं आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची अशी व्याख्या केली की ही जातच शर्यतीबाहेर गेली. शर्यतीत नाही म्हणून मोठ्या कारखान्यांत नाही, आणि म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही नाही.

पलीकडे उतरल्यावर लगेच सीटवर बसू नका, आधी मापं बघा. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. पहिल्या महिन्यात याच्याशी तडजोड नको. मग कुणाला तरी सायकल धरायला सांगा आणि टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत लांब न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला की माप बरोबर. प्रत्यक्षात चवडा पेडलवर येतो आणि गुडघ्याला हवा तेवढा बाक राहतो. अंतर जास्त झालं तर कंबर डावी-उजवी हलते आणि गुडघ्याच्या मागे दुखतं, कमी पडलं तर वाटीच्या पुढे दुखतं. ज्या सायकलीत पेडलचा पुढचा दांडा, म्हणजे बूम, सरकवून हे माप घेतात, तिथे चेनची लांबीही बदलावी लागते. हे काम घरीच करून या.

आता पहिली सुरुवात. खरी अडचण इथेच आहे आणि तिचा वयाशी फारसा संबंध नाही. साध्या सायकलीवर आपण नकळत धड डावी-उजवीकडे झुकवून तोल सांभाळतो. इथे पाठ सीटला टेकलेली असते, त्यामुळे तोल फक्त हँडलने सावरायचा. शिवाय बसणारा खाली असतो. बुटकी काठी तळहातावर उभी धरून बघा, लांब काठीपेक्षा ती लवकर पडते. तसंच इथे कल पटकन येतो आणि दुरुस्तीही लहान आणि चटकन करावी लागते. घाबरलेला माणूस हँडल आवळतो, जोर लावताना ते ओढतो, आणि प्रत्येक ओढीबरोबर सायकल नागमोडी जाते. म्हणून पाठ सीटमध्ये रुतवा, खांदे सैल सोडा आणि हँडल बोटांनी नुसतं धरा.

रस्त्याला जिथे जरासा उतार सापडेल तिथे आधी पेडल न मारता, दोन्ही पाय जमिनीपासून बोटभर उचलून दहा-पंधरा वेळा घरंगळत जा. मग पेडल. गियर सर्वांत हलका नको, त्याच्यापुढचा दुसरा किंवा तिसरा घ्या. सर्वांत हलक्यात एक फेरा मारूनही सायकल इतकी थोडी सरकते की दुसरा पाय वर येईपर्यंत वेगच मिळत नाही. ब्रेक दाबून ठेवा, जोराच्या पायाचं पेडल वर आणि किंचित आपल्याकडे आणा. ब्रेक सोडा, ठाम ढकला आणि दुसरा पाय विनाविलंब वर घ्या. तो पाय जमिनीवर रेंगाळला की सुरुवात फसते.

पाय घसरला तर चालत्या सायकलीवर तो जमिनीला टेकवू नका. पाय मागे ओढला जातो, सायकल पुढे जाते आणि घोटा किंवा मांडीमागचा स्नायू दुखावतो. या सायकलीवर माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच. पहिले काही तास खरबरीत सपाट पेडल ठेवा, नंतर टाच अडकवणारा पट्टा किंवा बूट अडकणारं पेडल घ्या. तसं पेडल घेतलंत तर त्याची स्प्रिंग अगदी सैल ठेवा.

खाजनातला रस्ता नजरेची परीक्षा घेतो. भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारं बांधातलं दार, म्हणजे मानस, शेतातले बगळे, कडेचं पाणी, सगळं बघावंसं वाटतं. पण नजर पाण्याकडे गेली की चाकही पाण्याकडे जातं. तीस-चाळीस मीटर पुढे रस्त्याच्या मधोमध बघत राहा. मानशीपाशी थांबा, पाय टेका आणि मग मनसोक्त बघा. थांबण्याआधी गियर हलका करायला विसरू नका. पेडलवर उभं राहून जोर लावायची सोय इथे नाही, जड गियरमध्ये थांबलात तर निघणं मुश्किल.

गावात गतिरोधक येतात. ढुंगण उचलता येत नाही, धक्का थेट मणक्याला बसतो, म्हणून चालण्याच्या वेगावर या आणि डोकं टेकणीवरून पुढे घ्या. टायरमध्ये हवा त्यावर लिहिलेल्या कमाल दाबापेक्षा थोडी कमी ठेवा. आखूड सायकलीत, जिथे पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे असतं, हळू वळताना टाच चाकाला लागते. अशा वळणावर आतला पाय वर ठेवून घरंगळत वळा. नवशिक्याला मी लांब सायकल सुचवतो, तिच्यात ही कटकट नसते.

बेटावरच्या पिएदाद गावाची टेकडी पहिल्या दिवशी सायकलीवर बसून चढू नका, सायकल हातात धरून चढा. वरून मांडवी आणि जुन्या गोव्याची चर्चं दिसतात. चढावर ताशी सहा-सात किलोमीटरच्या खाली वेग आला की नवशिक्याचा तोल जातो. शिवाय मांडीचे जे स्नायू इथे लागतात ते तयार व्हायला काही आठवडे लागतात. जड गियर रेटणं हा गुडघे बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे. हलक्या गियरमध्ये मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारा.

चक्कर येणाऱ्यांनी किंवा तोलाची खात्री नसलेल्यांनी तीनचाकी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. पुढे दोन चाकं असलेल्या तीनचाकीत अनेकदा दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, एकच दाबला तर ती त्या बाजूला ओढते. सीट फार खाली असल्यामुळे उठताना गुडघ्यांवर ताण येतो. मागे दोन चाकं असलेलीची सीट बहुधा उंच असते, गुडघेदुखीला ती बरी. दोन्हींना मागे उंच झेंडा लावाच, गाडीवाल्याला आपण दिसलो पाहिजे.

पुढे नार्वेच्या धक्क्यावरून फेरी डिचोलीकडच्या नार्वेला जाते. दिवाडीवरून हलवलेला सप्तकोटेश्वर तिथे आहे. त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. पाय थकले असतील तर फेरी सोडून द्या आणि आल्या रस्त्याने परता.

घरी गेल्यावर चेन त्याच दिवशी पुसा. ती साध्या चेनच्या अडीच-तीन पट असते, तीन चेन जोडून केलेली. गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत गंज आधी या जोडकड्यांना धरतो. मधल्या कप्पीत आणि चेनच्या नळ्यांत चिखल साचतो, तोही काढा. कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर एकच थेंब तेल घाला आणि वरचं जास्तीचं टिपून घ्या.