डावीकडून बारावी काडी

लग्नाला चार महिने असताना धाकट्या बहिणीने जाहीर केलं, "ताई, टियारा विकत घ्यायचा नाही. तू करून दे." तोवर मी तारेची कानातली केली होती, फार तर एखादा गळ्यातला हार. टियारा म्हणजे डोक्यावरचा मुकुटासारखा दागिना; तरी हो म्हणून बसले.

तिच्या डोक्यात 'लव्हर्स नॉट' नावाचा टियारा होता, म्हणजे ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनाच्या फोटोंमधला, कमानींखाली मोती लोंबणारा. मूळचा टियारा ब्रिटनच्या राणी मेरीने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घडवून घेतलेला. त्यात १९ कमानी आणि १९ लोंबते मोती आहेत. मी कागदावर ११ कमानी काढल्या आणि पितळी तारेचा कच्चा नमुना करून काचेचे मोती टांगले. बहिणीने तो घातला, आरशात बघून हसली आणि मान वळवली.

"अगं, हा वाजतोय!"

खरंच वाजत होता. मोती तारेवर आपटून किणकिण चालू होती. फोटोत आवाज येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शिवाय स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं २१० ग्रॅम. दिवसभर एवढं डोक्यावर नको, असं दोघींनी ठरवलं आणि तीन आठवड्यांची मेहनत डब्यात गेली.

मग मी झालरीच्या टियाराकडे वळले. रशियन कोकोश्निक या शिरोभूषणावरून आलेली ही घडण: मध्ये उंच आणि कडांना बुटक्या होत जाणाऱ्या उभ्या काड्या, सूर्याच्या किरणांसारख्या. त्यातला सर्वांत गाजलेलाही राणी मेरीचाच. तिच्या लग्नात, १८९३ साली, राणी व्हिक्टोरियाने तिला हिऱ्यांचा हार दिला होता. तो मोडून १९१९ साली हा टियारा केला. मला त्यात आवडलं ते हे, की लोंबणारं काही नाही. वाजायला जागाच नाही.

मी ३१ काड्या ठरवल्या. मधली ४५ मिलिमीटर उंच, टोकाच्या १५. प्रत्येक काडीत पैलूदार काचेचे मणी ओवायचे, टोकाला बारीक मणी घालून तार दुमडून परत खाली आणायची आणि दोन्ही पदर पिळायचे. एका काडीला वीसेक मिनिटं. हा भाग सुखाचा होता, त्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा सांगाड्याची. इंटरनेटवर टियारांचे हजारो फोटो आहेत आणि जवळजवळ सगळे समोरून. मागची बाजू कोणी दाखवत नाही, आणि टियारा उभा राहतो तो मागच्या बाजूवर. मी एकाच पट्टीवर काड्या बांधल्या तर त्या वाऱ्यातल्या गवतासारख्या वाटेल तिकडे कलायच्या. उपाय सुचायला आठवडा गेला: खाली एक तार आणि तिच्या वर आठ मिलिमीटरवर दुसरी, आणि प्रत्येक काडी दोन्हींना बांधायची. त्याने त्या सरळ झाल्या, पण आता टोपलीच्या काठासारख्या बाहेर फाकल्या. डोकं वर निमुळतं होतं, सांगाडा मात्र मी सरळ नळीसारखा केला होता. वरची तार थोडी आखूड केल्यावर झालर आत झुकली आणि केसांवर बसली. बांधायला मधल्या काडीपासून सुरुवात केली, मग एक डावी, एक उजवी. एका टोकाकडून निघालं तर छोट्या चुका साचत जातात आणि शेवटी मध्य मध्यावर येतच नाही.

सगळं जमलं असं वाटलं, तेव्हा खालची तार मोडली. कानामागे टोचते म्हणून मी तीच जागा चार-पाचदा वाकवून सरळ केली होती. पितळ असं पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होत जातं आणि मग तट्कन तुटतं. साधी पितळी तार तापवून पुन्हा मऊ करता येते, पण माझ्या तारेवर चांदीचा मुलामा होता. ज्योत लावली असती तर मुलामा काळवंडला असता. शेवटी १.२ ऐवजी १.६ मिलिमीटरची तार घेतली, आकार आधी कागदावर पक्का केला आणि एकदाच वाकवली. टोकं कानशीने घासून वळवली, त्यांचे फासे केले म्हणजे त्यातून केसांचे आकडे जातील, आणि डोक्याला लागणाऱ्या भागावर मखमली फीत गुंडाळली. वजन भरलं ११८ ग्रॅम.

तार तुटली त्या रात्री १९४७ ची गोष्ट आठवून बरं वाटलं होतं. पुढे ब्रिटनची राणी झालेल्या एलिझाबेथने आईकडून राणी मेरीचा हाच झालरीचा टियारा लग्नापुरता मागून घेतला होता आणि २० नोव्हेंबरच्या सकाळी, नवरी सजत असताना, तो मोडला. पोलिसांच्या सोबतीने तो सराफांच्या कारखान्यात नेऊन घाईघाईने जोडून आणला. लग्नाच्या फोटोंत मधल्या काड्यांमध्ये फट दिसते, बारकाईने बघणाऱ्याला. एवढ्या मोठ्या घरात असं होतं, तर माझं काय!

लग्नाच्या दिवशी माझ्या पर्समध्ये बारीक पक्कड, हातभर तार आणि डझनभर आकडे होते. केस बांधणारीला मी आधीच सांगून ठेवलं होतं की ओढणी टियाराला अडकवू नका, खाली केसांत वेगळी टाचा. ती हो म्हणाली आणि तिने ती टियारालाच टाचली. मी पाहिलं तोवर ओढणीच्या ओढीने डावीकडची एक काडी मागे कलली होती. ओढणी सोडवून खाली टाचली. काडी सरळ करायला पक्कड काढली, तेवढ्यात कोणीतरी बहिणीला बोलावून नेलं.

प्रत्येक फोटोत ती दिसते. डावीकडून बारावी. बहिणीने त्यातला एक मोठा करून भिंतीवर लावलाय आणि आल्या-गेल्याला टियारा दाखवत असते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.