मनांगमधले दोन शिलकी दिवस : ऑक्टोबरातलं अन्नपूर्णा सर्किट

कोजागिरीचा चंद्र अप्पर पिसांगमधून बघायचा, एवढ्या एका हट्टापायी आम्ही तारखा ठरवल्या होत्या. नेपाळमधल्या अन्नपूर्णा रांगेला वळसा घालणाऱ्या ‘अन्नपूर्णा सर्किट’ या ट्रेकच्या वाटेवरचं, ३३०० मीटरवरचं गाव, समोर अन्नपूर्णा-२ ची आडवी भिंत आणि वर शरदातलं धुतलेलं आकाश! प्रत्यक्षात कोजागिरीच्या रात्री मी, मावसबहीण आणि तिचा नवरा असे तिघं लॉजच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती बसून मोजे वाळवत होतो. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. बहिणीने घरून आणलेली दूधमसाल्याची पुडी उघडली, लॉजवाल्या दिदीने पावडरचं दूध कालवून दिलं. ते पिऊन आम्ही झोपलो. चंद्राचं नावही कुणी काढलं नाही.

अन्नपूर्णा सर्किटला ऑक्टोबरमध्ये जा, असं जो तो सांगतो, आणि ते चूक नाही. नेपाळमधून मान्सून परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २३ सप्टेंबर धरत, आता तिथलं हवामान खातं २ ऑक्टोबर धरतं. म्हणजे दसऱ्याच्या आसपास पाऊस संपलेला असायला हवा. शिवाय वाटेवरच्या चामे गावाच्या पुढचा भाग अन्नपूर्णा रांगेच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत येतो. पोखऱ्याला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मनांगच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. हे सगळं वाचूनच आम्ही निघालो होतो.

घोळ सरासरीत आहे. तिथला ऑक्टोबरचा पाऊस रोज चमचा-चमचा पडत नाही. बहुतेक महिना कोरडा जातो आणि मग दोन-तीन दिवसांत सगळा हिशेब चुकता होतो. हा पाऊस येतो कुठून, तर आपल्या बातम्यांत ऐकून ऐकून कान किटलेल्या ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा’ या वाक्यातून. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला चक्रीवादळांचा मोसम. वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळून विरलं असं आपण म्हणतो, पण त्यातलं बाष्प उत्तरेला सरकत राहतं. नेमका त्याच वेळी पश्चिमेकडून थंड हवेचा पश्चिमी विक्षोभ आला, की दोघं हिमालयावर भेटतात. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं आणि १४ तारखेला थोरोंग ला या सर्किटवरच्या सगळ्यात उंच खिंडीत बर्फाचं वादळ झालं. ऐन हंगाम, वाटेवर गर्दी, त्या दिवशी सकाळी बरेच जण खिंडीकडे निघालेले. अन्नपूर्णा-धौलागिरी परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. २०२१ च्या ऑक्टोबरात कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथल्या नोंदी १८९७ पासूनच्या आहेत आणि हा आकडा त्यातला उच्चांक ठरला. त्याच दिवसांत पश्चिम नेपाळमध्ये कापणीला आलेला भात पाण्याखाली गेला.

म्हणून पहिला सल्ला : खिंडीकडे जायचं असेल तर डोक्यावरच्या आकाशाइतकंच लक्ष विशाखापट्टणमकडे ठेवा. भारतीय हवामान खातं उत्तर हिंद महासागरातल्या वादळांचं बुलेटिन काढतं, ते मोबाइलवर वाचता येतं. खिंडीच्या नावाने जे रंगीत अंदाज इंटरनेटवर दिसतात, ते खिंडीपुरतं नव्हे, आसपासच्या भल्यामोठ्या प्रदेशाचं सरासरी गणित असतं. त्यावर ‘१० टक्के शक्यता’ वाचून खूश होऊ नका. वर नेपाळ टेलिकॉमचं सिम बरं चालतं, ते काठमांडूतच घ्या.

आता रस्ता. बेसीसहरपर्यंत बस, तिथून चामेपर्यंत जीप. आम्ही ऐन दशैंत, म्हणजे तिथल्या दसऱ्यात, पोचलो. नेपाळमध्ये दशैंचा टिळा लावणं कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत चालतं, त्यामुळे निम्मे ड्रायव्हर गावी गेलेले आणि उरलेल्यांचे भाव चढलेले. त्यात पाऊस. वाटेत एका ठिकाणी दरड रस्त्यावर आली होती. आपापल्या सॅक पाठीवर टाकून चिखलातून पलीकडे चालत गेलो आणि तिकडे अडकलेल्या जीपमध्ये बसलो. तिकडचे प्रवासी आमच्या जीपमध्ये. ही अदलाबदल तिथे इतकी सवयीची आहे, की ड्रायव्हर मंडळींनी पैशांचा हिशेब दरडीच्या दोन बाजूंनी ओरडूनच मिटवला. पावसात या रस्त्यावर अंधार पडल्यावर प्रवास करू नका, एवढंच सांगते. खाली मर्स्यांगदी नदी आहे आणि कठडा नाही.

पिसांगहून न्गावलमार्गे मनांगला जाताना दुपारी उघडीप मिळाली. वाटेत घरांच्या धाब्यांवर फापराच्या (कुट्टूच्या) पेंढ्या पसरल्या होत्या. लालभडक देठ, ओलेगच्च. एक आजी एकेक पेंढी उचलून झटकायची, उलटी करून परत ठेवायची. हे काम कोरड्या वाऱ्यात आपोआप व्हायचं, असं आमच्या गाइडदाइंनी (दाइ म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) सांगितलं. पाऊस आम्हाला सुट्टीत आडवा आला होता, आजीला कापणीत.

मनांग साधारण ३५०० मीटरवर आहे. उंचीची सवय व्हावी म्हणून इथे एक दिवस थांबायचंच असतं, ते आम्ही थांबलो. गंगापूर्णा शिखराखालच्या तळ्यापर्यंत फिरून आलो. हंगामात इथे दवाखान्यात दुपारी उंचीच्या आजारावर माहिती देतात, ती चुकवू नका. डोकं दुखणं कुठवर साधं आणि कुठून धोक्याचं, हे तिथे नीट कळतं.

संध्याकाळी दाइंनी विचारलं, “तुमच्याकडे दिवस किती आहेत?” मनांगसाठी आम्ही दोन जादा ठेवले होते. ते म्हणाले, “मग उद्या निघू नका. समुद्रात काहीतरी शिजतंय.”

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! ढगाचा ठिपका नाही. सकाळी सहापासून एकेक गट हात हलवत पुढे गेला आणि आम्ही लॉजच्या ओट्यावर बसून चहावर चहा पीत राहिलो. बहिणीच्या नवऱ्याचा चेहरा दुपारपर्यंत बघवेना. “एवढं चांगलं हवामान फुकट घालवलं,” हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं ते मी मोजायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. चारच्या सुमारास गंगापूर्णाच्या माथ्यावर झालरीसारखे पातळ ढग आले. पाचला वारा पडला. आठला पाऊस.

रात्री कधीतरी जाग आली. पत्र्यावरचा आवाज बंद झाला होता. चला, थांबला एकदाचा, म्हणून मी कूस बदलली. पहाटे दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. पाऊस थांबलाच नव्हता, त्याचा बर्फ झाला होता, आणि बर्फाला आवाज नसतो. उंबऱ्याबाहेर आदल्या रात्री काढून ठेवलेल्या माझ्या चपलांच्या जागी दोन गुळगुळीत उंचवटे होते.

तो पूर्ण दिवस बर्फात गेला. यार्चागुंबा ही हिमालयातली औषधी बुरशी विकणाऱ्या दुकानदाराच्या शेगडीजवळ बसून आम्ही मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे काटे) आणि गेटर्स (बर्फ बुटात जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं) विकत घेतले. काठमांडूत भाड्याने घेतले असते तर बरेच पैसे वाचले असते. “ऑक्टोबरात कशाला लागतात?” असं म्हणून मीच ते यादीतून खोडले होते. तुम्ही खोडू नका. दोन्ही मिळून किलोभरही वजन नाही.

पुढच्या सकाळी आकाश उघडलं, पण आम्ही लगेच निघालो नाही. खेचरांचा तांडा वाट तुडवून पुढे जाईपर्यंत दाइंनी दहा वाजवले. याक खर्काला (सुमारे ४००० मीटर) पोचलो, तेव्हा आदल्या ‘चांगल्या’ दिवशी पुढे गेलेले काही जण खाली उतरताना भेटले. हाय कॅम्पवरून परत फिरले होते. बूट आतून ओले, दोन रात्री झोप नाही, आणि परतीचं तिकीट ठरलेलं, त्यामुळे वाट बघायला दिवस नाही. त्यांच्यातलाच एक झपाझप चालणारा गट मात्र बर्फाआधी खिंड ओलांडून मुक्तिनाथला सुखरूप पोचलाही होता. तेव्हा थांबलो म्हणून आम्ही शहाणे, असं काही नाही. आमच्याकडे दिवस होते, त्यांच्याकडे नव्हते, एवढाच फरक.

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण थांबायचं कुठे हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. शिल्लक दिवस मनांगमध्येच खर्च करा, वर खिंडीखालच्या फेदी किंवा हाय कॅम्प या मुक्कामांवर नाही. मनांगला झोप लागते, जेवण जातं, दवाखाना आहे, आणि परतीचा रस्ता खाली जातो. ४९०० मीटरच्या आसपासच्या हाय कॅम्पवर बर्फात दोन रात्री काढणं म्हणजे शरीर रोज थोडं खंगवणं आहे. हेलिकॉप्टर आहेच की, असं म्हणणारे भेटतात. विमा काढाच, पण ढगात हेलिकॉप्टर उडत नाही, आणि तुम्हाला त्याची गरज पडते ती नेमकी ढगातच.

याक खर्का ते फेदी या टप्प्यात शेवटी दरडीचा उतार आहे. तो सकाळी लवकर पार करा. ऊन चढलं की बर्फ सुटतो आणि वरून दगड येतात. आम्ही कडेकडेने, एकमेकांत अंतर ठेवून, न बोलता पार केला. फेदीला मुक्काम केला, हाय कॅम्पला गेलो नाही. शेवटच्या दिवसाची चढाई त्यामुळे लांबते, पण झोप खालच्या उंचीवर होते. हे माझं मत, दाइंचंही तेच.

पहाटे साडेतीनला निघालो. बर्फानंतरची निरभ्र रात्र सगळ्यात कडाक्याची असते, कारण जमिनीची ऊब अडवायला वर ढगच नसतात. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड उघडं राहतं. मोबाइल आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. बुटांच्या नाड्या आत, उबेत बसूनच बांधा, बाहेर बोटं वळत नाहीत. आणि गॉगल! खिंडीत सूर्य वर आला की ताजा बर्फ डोळे भाजून काढतो. आमच्यासोबत चाललेल्या एका मुलाने गॉगल सॅकच्या तळाशी ठेवला होता. तो काढायला हातमोजे काढले, आणि मग त्याची बोटं चोळत आम्ही सगळे दहा मिनिटं उभे.

वाट तुडवून काचेसारखी झाली होती, मायक्रोस्पाइक्सशिवाय मी त्या दिवशी वर गेले नसते. टॉर्च लावायची गरज फारशी पडली नाही. सप्तमी-अष्टमीचा अर्धा चंद्र डोक्यावर होता आणि बर्फाने तो दुप्पट केला होता. बहीण मागून म्हणाली, “घे, झाली तुझी कोजागिरी.” उत्तर द्यायला दम नव्हता.

साडेआठला ५४१६ मीटरवर. पताका बर्फात अर्ध्या पुरलेल्या. फोटो काढून पंधरा मिनिटांत निघालो, कारण नऊ-दहानंतर तिथे वारा उठतो. मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटरची उतराई आहे आणि खरे हाल तिथे होतात. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे जातात आणि पाय घसरतो. दोन काठ्या हव्यातच. अकराच्या सुमारास बर्फ मऊ झाला आणि दर चार पावलांनी एक पाय गुडघ्यापर्यंत आत जाऊ लागला. मुक्तिनाथला तीन वाजता पोचलो तेव्हा मंदिरातल्या गार पाण्याच्या १०८ धारांखाली जाण्याचं धाडस फक्त दाइंनी केलं.

मुक्तिनाथपासून पुढे वेगळंच हवामान. धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधल्या काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारच्या आधीच वारा सुटतो, तो संध्याकाळपर्यंत धूळ तोंडावर मारत राहतो. खोऱ्यातल्या जोमसोम गावची विमानं म्हणूनच फक्त सकाळी उडतात आणि ढग आले की तीही नाहीत. आम्ही जीपने पोखऱ्याला उतरलो, हाडं खिळखिळी झाली.

राहिलेलं भराभर. आपल्याला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, विमानाने जाणाऱ्या १५ ते ६५ वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपयांना मिळतो, आणि आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. बेसीसहरच्या पुढे एटीएमवर विसंबू नका. दोन दिवस अडकलात तर राहण्या-जेवणाचे पैसे रोख लागतील, तेवढे वेगळे बांधून ठेवा. कपड्यांत रेनकोटची पँटही घ्या. आमच्यापैकी दोघांकडे नुसतं जॅकेट होतं आणि चामेपर्यंत ते दोघं कमरेखाली भिजलेले होते.

आणि परतीचं तिकीट काढताना ठरलेल्या दिवसांत तीन मिळवा : दोन मनांगसाठी, एक जोमसोमच्या ढगांसाठी. आमचा तिसरा उरला. तो पोखऱ्यात फेवा तळ्याकाठी झोपून काढला, दिवसभर ऊन होतं.