काकांना बकलावा चालतो म्हणे!

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी येताना बर्लिनहून बकलाव्याचे, म्हणजे तिथं मिळणाऱ्या तुर्की मिठाईचे, दोन डबे आणले होते. वहिनीनं त्यातले दोन तुकडे काकांच्या बशीत ठेवले आणि नेवऱ्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचं, ताट त्यांच्यासमोरून उचललं. काका मधुमेहाच्या गोळ्या घेतात. मी विचारलं तर म्हणाली, "ह्यात पिस्ते आहेत ना गे. शिवाय तळलेलं नाही. तिकडचे लोक उगाच का धडधाकट असतात?"

आईनं चवथीआधी रात्री जागून केलेल्या नेवऱ्या अपायकारक, आणि मी आणलेला पाकात बुडवलेला बकलावा औषध! मला राग यायला एवढं पुरे होतं.

डबा उलटा केला. युरोपात बंद डब्यावर दर 100 ग्रॅमचा हिशोब छापणं डिसेंबर 2016 पासून सक्तीचं आहे. ह्या डब्यावर 430 कॅलरी, 24 ग्रॅम चरबी, 30 ग्रॅम साखर असं छापलेलं. आईच्या वजनकाट्यावर एक तुकडा 45 ग्रॅम भरला, म्हणजे 190च्या वर कॅलरी आणि साडेतेरा ग्रॅम साखर. दोन तुकड्यांची 27 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ते 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम, आणि पाक, मध, सगळं त्यातच धरायचं. काकांचा दिवसाचा वाटा बशीतच संपला होता. मणगणं, म्हणजे चणाडाळीची गोड खीर, तर अजून पानात यायचंच होतं.

आता पिस्त्याचं. तिकडचा एक नियम मला मनापासून आवडतो. डब्यावर पिस्त्याचं नाव किंवा चित्र मिरवलंत, की आत पिस्ता किती टक्के तेही लिहायचं. ह्या डब्यावर 12 टक्के होतं. तुकड्यात साडेपाच ग्रॅमही नाही, आठ-नऊ दाणे फार तर. पिस्त्याला नावं ठेवायचं कारणच नाही, 100 ग्रॅममध्ये 20 ग्रॅम प्रथिनं आणि 10 ग्रॅम तंतू असतात त्याच्या. पण स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात सुकामेवा हृदयाला मानवला, तो रोज 30 ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट नुसते खाऊन. बकलाव्यातून 30 ग्रॅम पिस्ते पोटात घालायचे तर साडेपाच तुकडे खावे लागतील, कॅलरी हजाराच्या वर. वहिनी म्हणाली, "तू तिथं राहून हिशोबनीस झालीस." होईन नाहीतर काय!

(आणि "तिकडे सगळं लिहिलेलं असतं, आपल्याकडे काही नसतं" हेही कोणी सांगू नये. बर्लिनच्या झोनेनआले रस्त्यावरच्या दुकानात सुट्या बकलाव्याच्या परातीवर कॅलरी कोणी लिहीत नाही, ॲलर्जीची माहिती तेवढी द्यावी लागते. आपल्या मिठाईवाल्यांना ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईसमोर ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावायची आहे. लावतात किती जण, हा प्रश्न वेगळा.)

मग मी नेवरी हिशोबाला घेतली. आई आधी चिडली, मग सामान सांगत बसली. एका नेवरीला मैदा-रवा 14 ग्रॅम, सुकं खोबरं 6, पिठीसाखर 7, तीळ आणि काजूचे तुकडे मिळून 3, आणि तळताना शोषलं जाणारं तूप अंदाजे 5. सगळं मिळून 180च्या आसपास कॅलरी. चरबी बकलाव्याइतकीच. खोबऱ्यातली आणि तुपातली चरबी बहुतेक संपृक्त, म्हणजे हृदयाला कमी मानवणारी, तिथं पिस्ता सरस, मान्य. पण साखर निम्मी! बकलावा तळत नाहीत हे खरं, पण कागदासारख्या पातळ पदरांना एकेक करून लोणी लावतात आणि भाजून काढल्यावर वरून पाक ओततात. तळणीचं तेवढं डोळ्यांत खुपतं.

गाझिआन्तेपच्या बकलाव्याला मात्र मी मानते. 2013 साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळवणारा तुर्कीचा तो पहिला पदार्थ. बरं, गोव्याच्या बेबिंक्यालाही, त्या पदरापदरांच्या गोड पदार्थाला, 2023 मध्ये आपल्याकडचं मानांकन मिळालंय, पण ते खाऊन तब्येत सुधारते असं कोणी म्हणत नाही. काजूसुद्धा पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आणलेला. साडेचारशे वर्षं इथं राहून तो घरचा झाला, म्हणून नेवरीतल्या काजूला 'ड्रायफ्रूट' म्हणून कोणी भाव देत नाही.

शेवटी वहिनीनं काकांना दोन्हीतलं अर्धं अर्धं दिलं. काकांनी आधी बकलाव्याचा अर्धा उचलला, हे सांगायला हवं, आणि आईनं ते पाहिलं.

मी स्वतः बर्लिनमध्ये दर शुक्रवारी बकलावा घेते, त्यावरून घरी टोमणे बसलेच. पण तिथं चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधायला कोणी नसतं, नेवऱ्या करायलाही नसतं. शिवाय स्टेशनपर्यंत मी चालत जाते.