वकील आणि अर्जदार यांच्यामधली रिकामी जागा

आपल्या सातारा जिल्ह्यात कायद्याचा सल्ला देण्याचे काम वकिलांखेरीज आणखी किती माणसे करतात, हे कोणत्याही तहसील कार्यालयाच्या आवारात एक सकाळ घालवली तरी लक्षात येते. मुद्रांक विक्रेत्याच्या शेजारी बसणारे दस्तलेखक, संगणकावर अर्ज टंकून देणारे, सेवानिवृत्त तलाठी आणि कारकून, झेरॉक्सच्या दुकानात बसून ‘काम करून देणारे’ अशी ही मंडळी असतात. अर्ज कोणाच्या नावे करायचा, सोबत काय जोडायचे, हरकत घ्यायची की गप्प बसायचे, हे सारे ती सांगतात. हा कायद्याचाच सल्ला आहे. माझी महसूल खात्यातील बहुतेक नोकरी या जिल्ह्यातील तालुक्यांच्या कचेऱ्यांमध्ये झाली, त्यामुळे ही माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांतील काहींना महसुली कायद्याची उत्तम जाण असते आणि काही जण अत्यंत सचोटीने वागतात. परंतु त्यांचे ज्ञान कोणी तपासलेले नसते, त्यांनी किती पैसे घ्यावेत हे कोठे लिहिलेले नसते, आणि त्यांचा सल्ला चुकल्यास ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मागायला जागा नसते.

लोक त्यांच्याकडे जातात त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. कोयनेच्या खोऱ्यातील एखाद्या वाडीतून पाटणला येणाऱ्या माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, आणि त्याच्या कामाची किंमत वकिलाच्या फीपेक्षा पुष्कळदा कमी असते. वकिलांना यात दोष देता येत नाही. वर्षानुवर्षे शिकून, कार्यालय चालवून, साध्या अर्जासाठी अर्धा दिवस खर्च करणे त्यांना परवडणारे नाही. म्हणून वकील आणि अर्जदार यांच्यामध्ये एक मोठी जागा रिकामी राहिली आहे. त्या जागेत परवानाधारक, मर्यादित अधिकारांचा आणि आपल्या सल्ल्याला जबाबदार असणारा एक नवा व्यवसाय उभा करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. त्याला आपण विधी सहायक म्हणू.

अशा माणसाची गरज कोठे भासते हे वारस नोंदीच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते. वडील वारल्यानंतर तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची चौकशी होते, मग फेरफार नोंद, म्हणजे जमिनीच्या दप्तरात नाव बदलल्याची नोंद, होते, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर ही पद्धत सोपी आहे. प्रत्यक्षात याच सुमारास भाऊ बहिणीला माहेरी बोलावतो आणि हक्कसोडपत्रावर सही करायला घेऊन येतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या हिश्श्यात पहिल्या वर्गाची वारस आहेच. २००५ च्या दुरुस्तीने ती वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची सहदायक, म्हणजे जन्मापासूनच हक्क असलेली वाटेकरी, झाली, आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. दस्त एकदा नोंदणीकृत झाला की तो रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि त्याला तीन वर्षांची मुदत असते. यांपैकी कोणती गोष्ट त्या बाईला सही करण्यापूर्वी कोणी सांगतो? दस्तलेखकाचे पैसे भाऊ देतो, साक्षीदार भाऊ आणतो, गाडीही त्याचीच असते. ती कदाचित सर्व समजून, मायेपोटी, आनंदाने हक्क सोडील, आणि तसे करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. परंतु त्या टेबलाभोवती तिच्या बाजूने बसलेला एकही माणूस नसतो.

यावर विधी सेवा प्राधिकरण आहे, असे उत्तर मिळते, आणि ते खोटे नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सहाय्यास पात्र आहे. १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे. मात्र प्राधिकरणाची तालुक्यातील समिती न्यायालयाच्या इमारतीत असते आणि सामान्य माणसाला न्यायालय आठवते ते भांडण दाव्यापर्यंत गेल्यावर. त्या आधीचा काळ, म्हणजे नोटीस हातात पडल्यापासून मुदत संपेपर्यंतचा, हाच खरा महत्त्वाचा असतो. फेरफार नोंद चुकीची प्रमाणित झाली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि त्याची मुदत साठ दिवसांची आहे. कित्येक शेतकरी या साठ दिवसांत तलाठी, तहसीलदार, आमदार आणि जिल्हाधिकारी अशा सर्वांना अर्ज देत फिरतात. प्रत्येक अर्जाची पोच ते जपून ठेवतात, आणि अपील मात्र करायचे राहून जाते. पुढे विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, तो मंजूर होईल याची खात्री नसते, आणि मूळ प्रश्न बाजूला राहून वाद उशिरावरच चालतो. ‘हे अर्ज थांबवा, नक्कल काढा आणि अमुक तारखेच्या आत अपील दाखल करा,’ एवढे एक वाक्य वेळेवर सांगणारा माणूस मिळाला असता तर पुढची कित्येक वर्षे वाचली असती, अशी प्रकरणे मी माझ्या टेबलावरून पुढे जाताना पाहिली आहेत.

कायद्याची अडचण खरी आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे वकिली करण्याचा हक्क फक्त अधिवक्त्यांना आहे. कलम ४५ मध्ये बेकायदा वकिलीसाठी सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. आणि वकिली म्हणजे केवळ न्यायालयात उभे राहणे नसून त्याबाहेरचे सल्ल्याचे कामही तीत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी वकिलांच्या प्रकरणात म्हटले आहे. तरीही ही भिंत वाटते तितकी अखंड नाही. १८७९ च्या कायद्याने देशाच्या काही प्रांतांत मुखत्यार आणि महसूल अभिकर्ता असे वकिलांहून वेगळे दर्जे मान्य केलेले होते. आजही ग्राहक आयोगापुढे वकील नसलेला प्रतिनिधी उभा राहू शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते मान्य केले आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात तर वकिलालाच मनाई आहे. तेथे प्रांताधिकाऱ्यांसमोर म्हाताऱ्या माणसाने एकट्याने आपल्या मुलाविरुद्ध बोलावे अशी स्थिती पुष्कळदा येते. तो स्वतः असमर्थ असल्यास त्याच्या वतीने त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, परंतु असा माणूस शोधायचा कोठे, याची सोय कोणी केलेली नाही.

मला सर्वांत बोलके वाटते ते वस्तू व सेवा कराचे उदाहरण. २०१७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ४८ ने जीएसटी प्रॅक्टिशनर नावाचा एक व्यवसायच निर्माण केला. त्याला पात्रता आहे, नोंदणी आहे, परीक्षा आहे, गैरवर्तन केल्यास नोंदणी रद्द होते, आणि तो व्यापाऱ्याच्या वतीने विवरणपत्र भरतो व अधिकाऱ्यांपुढे हजरही राहू शकतो. तो सनदी लेखापाल किंवा वकील असलाच पाहिजे असे नाही, तरी त्याच्यामुळे कोणाच्याही व्यवसायावर गदा आली नाही. व्यापाऱ्याच्या कराच्या कामासाठी शासनाला जे सुचले आणि जमले, ते विधवेच्या वारस नोंदीसाठी किंवा ऊस उत्पादकाच्या थकलेल्या बिलासाठी का जमू नये? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे न दिल्यास कारखान्याने पंधरा टक्के दराने व्याज द्यायचे असते. कराड आणि वाळव्याच्या बागायतीत हे सर्वांना ऐकून ठाऊक आहे, पण त्या व्याजाची मागणी रीतसर लिहून, हिशेब जोडून योग्य अधिकाऱ्याकडे नेणारे फार थोडे आहेत.

विधी सेवा प्राधिकरणाने २००९ पासून विधी स्वयंसेवक नेमण्यास सुरुवात केली, आणि त्यांतील काहींनी उत्तम काम केले आहे. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. मात्र ज्या दिवशी काम असेल त्या दिवसाच्या मानधनावर कोणाचा संसार चालत नाही, म्हणून चांगला स्वयंसेवक अनुभवी होता होता दुसऱ्या कामाला लागतो. शिवाय त्याने योग्य दार दाखवावे अशी अपेक्षा असते. दिलेल्या सल्ल्याला तो उत्तरदायी नसतो. ज्याला पोटाची सोय नाही त्याच्यावर जबाबदारीही टाकता येत नाही. म्हणूनच मी सेवाभावाचा आग्रह धरत नाही, व्यवसायाचा धरतो.

इतर देशांनी हे करून पाहिले आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात २००७ पासून वकिलांच्याच नियामक संस्थेमार्फत अशा सहायकांना परवाने मिळतात. ते लहान रकमांच्या न्यायालयात आणि न्यायाधिकरणांपुढे पक्षकाराची बाजू मांडतात, मात्र घराच्या खरेदी-विक्रीचे काम त्यांना करता येत नाही, आणि व्यावसायिक विमा त्यांना बंधनकारक आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये असाच नियम केला; परंतु प्रशिक्षणात सुरुवातीला ३,००० तासांच्या अनुभवाची अट घातली, उमेदवार फार थोडे आले, आणि २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खर्च व अल्प प्रतिसाद ही कारणे देऊन नवे परवाने बंद करण्याचा निर्णय घेतला. दारच इतके अरुंद ठेवले की आत कोणी येईना. आपण हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्याकडे सुरुवात महसुली कामांपासून व्हावी. अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३३ ‘या किंवा अमलात असलेल्या अन्य कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर’ अशा आशयाच्या शब्दांनी सुरू होते. म्हणून राज्य विधिमंडळाने जमीन महसूल संहितेतच विधी सहायकाची तरतूद करावी, असे मला सुचवावेसे वाटते. त्याच्याकडे अर्ज, हरकती, नकला, पहिले अपील आणि प्रांताधिकाऱ्यांपुढील सुनावणी एवढे काम असावे. फौजदारी प्रकरण, दिवाणी दावा आणि खरेदीखत यांना त्याने हात लावू नये, आणि प्रकरण त्या दिशेने जात आहे असे दिसताच ते लेखी सूचनेसह वकिलाकडे पाठवणे हे त्याचे कर्तव्य असावे. एका प्रकरणात त्याने एकाच पक्षाचे काम करावे. दुसऱ्या बाजूकडून, कार्यालयातून किंवा वकिलाकडून दलाली घेतल्यास परवाना कायमचा जावा. हा नियम सर्वांत कडक हवा, कारण आजच्या व्यवस्थेतील बहुतेक घाण याच वाटेने येते. दिलेला प्रत्येक सल्ला एका नोंदवहीत तारखेसह लिहून त्याची प्रत पक्षकाराला द्यावी. फीचा तक्ता दारावर लावावा. शिक्षणाची सोय अवघड नाही: साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे विधी महाविद्यालय आहे, मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे तालुक्यांपर्यंत पोचलेली आहेत. आज झाडाखाली बसणाऱ्या दस्तलेखकांनाही परीक्षा देऊन आत येता आले पाहिजे; त्यांना बाहेर ठेवून हा व्यवसाय उभा राहणार नाही.

वकील मंडळींची हरकत मी समजू शकतो. अर्धवट शिकलेले लोक पक्षकाराचे नुकसान करतील, असे ते म्हणतील. नुकसान आजही होते आहे, फक्त त्याची नोंद कोठे होत नाही. उलट वेळेवर आणि नीट कागदांसह वकिलाकडे येणारी प्रकरणे वाढतील, आणि तरुण वकिलांना त्याचा लाभच होईल. मला अधिक काळजी वाटते ती गावकीची. सहायक गावातल्याच बलवान भावकीचा असला, तर दुर्बळ माणूस त्याच्या दाराशी येणार नाही, आणि आला तरी मन मोकळे करणार नाही. म्हणून स्वतःच्या गावातील प्रकरण त्याने घेऊ नये, आणि परवान्यांत स्त्रियांचा व दलित, भटक्या समाजांतील उमेदवारांचा वाटा सुरुवातीपासून राखला जावा. १९४० च्या दशकात याच जिल्ह्यात, तेव्हा सांगलीचा मोठा भाग साताऱ्यातच होता, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली आणि सामान्य माणसांनी गुंतागुंतीचे तंटे मिटवले. लोकांच्या क्षमतेविषयी शंका घेणाऱ्यांनी तो इतिहास वाचावा. मात्र मी सुचवतो तो सहायक न्याय देणारा नाही, तो एका बाजूचा माणूस आहे, आणि हा फरक कायद्यात स्पष्ट लिहिला पाहिजे.

ज्यांना फी परवडत नाही त्यांचे पैसे विधी सेवा प्राधिकरणाने ठरलेल्या दराने, प्रकरणागणिक, सहायकाला द्यावेत. प्रयोग म्हणून पाटण किंवा माण यांपैकी एक तालुका घ्यावा, आणि वारस नोंद, फेरफारावरील अपील व ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाह अर्ज या तीनच विषयांचे परवाने द्यावेत. दोन वर्षांनी जिल्हा प्राधिकरणाने नोंदवह्या तपासून किती अपिले मुदतीत दाखल झाली, किती बहिणींनी सही करण्यापूर्वी स्वतंत्र सल्ला घेतला आणि किती तक्रारी सहायकांविरुद्ध आल्या, हे जाहीर करावे. चौथा विषय जोडायचा की नाही ते त्यानंतर ठरवावे.