मिरजेत राहून तंबोरा इंटरनेटवरून

शाळेच्या चॅनेलवर व्हिडिओ चढवून अर्धा तासही झाला नसेल, तेवढ्यात नववीतल्या एका मुलीचा फोन आला. "बाई, कॉपीराइटचा दावा आलाय. आपलं चॅनेल बंद होणार का?" आवाज रडवेला. व्हिडिओ मिरजेतल्या सतारमेकरांवर होता, सात मिनिटांचा, अकरा मुलांनी तीन शनिवार घालवून केलेला. आणि दावा आला होता तो मागे मंद वाजणाऱ्या तंबोऱ्यावर.

तो तंबोरा मुलांनी "तानपुरा काळी पाच एक तास" (काळी पाच ही सुराची पट्टी) असं शोधून कुणाच्या तरी व्हिडिओतून उतरवून घेतला होता. आमच्या शाळेपासून सतारमेकरांची दुकानं चालत दहा मिनिटांवर आहेत. तिथे पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडतायत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पडद्यावर तंबोरा दिसत होता आमच्या सतारमेकर चाचांच्या हातातला आणि ऐकू येत होता भलताच, कुठला कोण जाणे. दाव्यापेक्षा मला हे जास्त लागलं.

आधी तिची भीती घालवली. दावा आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा चढवलेला प्रत्येक आवाज आपल्याकडच्या साठ्याशी ताडून बघते आणि जुळला की मालकाला कळवते. मालक बहुतेक वेळा त्या व्हिडिओवर जाहिरात लावतो, कधी व्हिडिओ दिसणं बंद करतो. त्याने चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे कायदेशीर तक्रार. तशा तीन झाल्या तर चॅनेल जाऊ शकतं. आपल्यावर आलेला दावा होता, आणि तो खरा होता. आपण व्हिडिओ चॅनेलवरून काढून टाकला.

सोमवारी वर्गात त्याच मुलीने विचारलं, "बाई, सा आणि पंचम कुणाच्या मालकीचे असतात का?"

हा प्रश्न मला इतका आवडला की तो तास मी त्यालाच दिला. नाही, सा कुणाचाच नाही. भूप रागही कुणाचा नाही. पण कुणीतरी चांगला माईक लावून, तासभर न चुकता तंबोरा छेडून जे ध्वनिमुद्रण केलं, ते त्याचं आहे. गाण्यात असे दोन थर असतात: एक चाल आणि शब्द, दुसरा त्यांचं मुद्रण. दोन्हींचे हक्क वेगळे, मुदतीही वेगळ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९५५ ची तबकडी मुद्रण म्हणून भारतात मोकळी झाली असेल, पण तिचा संगीतकार १९८० मध्ये वारला असेल तर चाल अजून बांधलेलीच आहे.

मुलांना लगेच खाँसाहेब आठवले. गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, दर्ग्याच्या आवारात दरवर्षी त्यांच्या स्मरणात गाणं होतं, ते या मुलांनी लहानपणापासून ऐकलंय. त्यांच्या तबकड्या त्या काळच्या, म्हणजे आपल्याकडे मुदत कधीच संपली. मग घालूया की व्हिडिओत! पण व्हिडिओ इंटरनेटवर गेला की तो एकाच देशात राहत नाही. अमेरिकेत १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं मोकळी झाली तीच मुळी १ जानेवारी २०२२ ला. तीसच्या दशकातल्या तबकड्यांना तिथे अजून वेळ आहे. शिवाय जुनं मुद्रण साफ करून कुणी नव्याने काढलं असेल तर यंत्रणा तेच ओळखणार. तेव्हा आम्ही ठरवलं: खाँसाहेबांचा आवाज शाळेच्या हॉलमधल्या प्रतीत राहील, चॅनेलवरच्या प्रतीत नाही. हॉलमध्ये शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढेच असतील तर कायद्याच्या ५२ व्या कलमात शाळांसाठी सवलत आहे, अगदी सिनेमाचं गाणं लावलं तरी. ही सवलत शाळेच्या दारापर्यंतच. "आम्ही शिकण्यासाठी केलं" असं व्हिडिओखाली लिहून ती इंटरनेटवर नेता येत नाही.

आणि "गाण्याचे तीस सेकंद वापरलेले चालतात" हे जे सगळीकडे सांगतात ना, ते कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. माझ्या बरोबरीच्या शिक्षकांकडूनही मी ते ऐकलंय, म्हणून इथे लिहिते. रील बनवताना ॲपमध्ये मिळणारं गाणंही त्या ॲपपुरतंच दिलेलं असतं; ती रील उतरवून दुसरीकडे चढवली की परवानगी मागे राहते.

मग वापरायचं काय? मुलं म्हणाली, मोफत संगीत शोधतो. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, फुकट आणि मोकळं. रस्त्याकडेच्या नळाचं पाणी आणि कुणाच्या तरी अंगणातल्या आडाचं पाणी, दोन्हीला पैसे पडत नाहीत. आडावर विचारावं लागतं. इंटरनेटवरचं बरंचसं "फुकट" संगीत आडाचं असतं, आणि चांगली गोष्ट ही की कितीतरी संगीतकारांनी अंगणाच्या फाटकावर आधीच पाटी लावून ठेवलीय. त्या पाट्यांना क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणतात. २००२ पासून हे परवाने आहेत, आणि त्यातली अक्षरं एकदा कळली की आयुष्यभर पुरतात.

बीवाय म्हणजे नाव घ्या. एनसी म्हणजे पैसे कमावू नका. आमच्या चॅनेलवर जाहिराती नाहीत, तेव्हा ते आम्हाला चालतं. एसए म्हणजे तुम्ही जे बनवाल तेही याच परवान्याखाली मोकळं ठेवा. सीसी झीरो म्हणजे काहीच अट नाही. आणि एनडी म्हणजे बदल करू नका. इथे मी स्वतः पूर्वी चुकले होते. मला वाटायचं, गाणं न कापता पूर्ण लावलं तर बदल कुठे झाला? पण परवान्याच्या मजकुरातच स्पष्ट लिहिलंय की संगीत किंवा ध्वनिमुद्रण हलत्या चित्राच्या जोडीने लावणं हाच बदल धरला जाईल. म्हणजे एनडी असलेला कुठलाही आवाज व्हिडिओत घालता येत नाही, कितीही जपून घातला तरी.

हे नियम पक्ष्यांपर्यंत पोचले. पहिल्या दृश्यात पहाट होती, कृष्णाघाटावरची, आणि फोनमध्ये फक्त वारा रेकॉर्ड झाला होता. एका मुलाने झेनो-कांटो शोधून काढलं, जगभरच्या पक्ष्यांचे आवाज लोकांनी स्वतः रेकॉर्ड करून तिथे ठेवलेत. बुलबुल मिळाला, सुरेख मिळाला. खाली बारीक अक्षरात एनडी. दुसरा बघितला, एनडी. शेवटी त्या मुलाने सांगितलं, "बाई, आपल्या शाळेमागच्या चिंचेवर रोज सकाळी बसतात की." साडेसहाला येऊन त्याने दोन दिवस रेकॉर्ड केलं. त्यात लांबून एसटीचा हॉर्न आहे, तो आम्ही मुद्दाम ठेवला.

आम्ही वापरलेल्या बाकीच्या जागा थोडक्यात सांगते. यूट्यूब स्टुडिओत ऑडिओ लायब्ररी आहे; तिथे श्रेय न देता वापरता येणारे तुकडे वेगळे गाळता येतात, नवशिक्यांनी सुरुवात तिथूनच करावी. केविन मॅक्लाउड या अमेरिकन संगीतकाराने इनकॉम्पिटेक या आपल्या संकेतस्थळावर आपलं संगीत नाव घेण्याच्या अटीवर मोकळं ठेवलंय. भाव आणि वेग सांगून तिथे शोधता येतं. पिक्साबेवर नावाचीही अट नाही, पण काही तुकडे कंटेंट आयडीत नोंदलेले असतात, तेव्हा उतरवतानाच परवान्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा, दावा आला तर तेच दाखवायचं. बीबीसीने आपल्या संग्रहातले तेहतीस हजारांहून जास्त आवाज खुले केलेत, शिक्षणासाठी आणि नफ्याशिवाय वापरायला. त्यात पाऊस, बाजार, रेल्वे काय म्हणाल ते आहे. इंटरनेट आर्काइव्ह मला फार आवडतं, तरी तिथे एखादं गाणं दिसलं म्हणजे ते मोकळं असं समजू नका. चढवणाऱ्याला हक्क होता का, ते बघायला तिथे दरवेळी कुणी बसलेलं नसतं.

आणि फ्रीसाउंड. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या लोकांनी २००५ मध्ये सुरू केलेला हा आवाजांचा साठा. इथे गाणी नाहीत, सुटे आवाज आहेत: दार, पाऊल, घंटा, करवत. आम्हाला रंध्याचा आवाज हवा होता, मिळालाही, सीसी झीरो. लावून बघितला आणि आम्हा सगळ्यांना तो चुकीचा वाटला. कुठल्यातरी मोठ्या, रिकाम्या, थंड खोलीतला. चाचांचं दुकान आठ बाय बाराचं, छतापर्यंत भोपळे टांगलेले. तिथे आवाज घुमत नाही, भोपळे तो पोटात घेतात.

तेव्हा परत चाचांकडे.

यावेळी आम्ही चित्र घ्यायला गेलो नव्हतो, फक्त ऐकायला. पंखा बंद करायची विनंती केली, फोन विमान मोडवर टाकला, बाहेर रिक्षा थांबली की थांबलो. मुलांनी एक युक्ती शोधली: फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवायचा, म्हणजे टेबलाची धडधड येत नाही. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यावर चाचा बोटाच्या पेराने टकटक करतात आणि ऐकून सांगतात की वाळला का. तो आवाज घेतला. कानस घेतली, खुंटी पिळताना होणारी कुरकुर घेतली. प्रत्येक आवाजानंतर अर्धा मिनिट कुणी काही न बोलता खोलीची शांतताही घेतली. तुकडे जोडताना मधल्या फटी भरायला तीच लागते, आणि ती कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

मग जवारी, म्हणजे तारेचा नाद खुलवणं. घोडीवर तार टेकते तिथे दोऱ्याचा एक धागा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. आधी तार नुसती टणटण वाजत होती. चाचांनी धागा सरकवला आणि एका क्षणी ती उघडली, सगळं दुकान भरलं. माझ्यामागे उभी असलेली, दाव्याचा फोन करणारी मुलगी हळूच म्हणाली, "बाई, अंगावर काटा आला." तोही शब्द मुद्रणात आलाय. ऑडॅसिटी या आवाज जोडण्या-कापण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सफाई करताना तो काढायचा का, यावर मुलांनी मतं घेतली. राहिला.

या सगळ्याची आम्ही एक वही ठेवली, साधी दोनशे पानी. आवाजाचं नाव, कुणाचा, कुठून, कोणता परवाना, कुठल्या तारखेला घेतला, व्हिडिओत कुठल्या मिनिटाला. आपण केलेल्या मुद्रणालाही तेच रकाने, आणि परवान्याच्या जागी ज्याचा आवाज त्याची सही. चिंचेवरच्या बुलबुलासमोर मुलांनी रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव लिहिलंय. माझं बाकीच्या शाळांना एवढंच आग्रहाचं सांगणं आहे, की वही पहिल्या दिवशी सुरू करा. शेवटी श्रेयनामावली लिहायला बसलं की कुणाला काही आठवत नाही, आणि ज्याचं नाव सुटतं तो नेमका सगळ्यात उदार माणूस असतो.

काम झाल्यावर एकाने सुचवलं, आपण इतक्यांचे आवाज घेतले, तर आपला तंबोरा पण ठेवूया की फ्रीसाउंडवर. कल्पना सगळ्यांना पटली. पण परवाना कोणता? अर्धी मुलं म्हणाली सीसी झीरो, कुणालाही अडवायचं नाही. अर्धी गप्प. ठरवणारे आपण कोण, म्हणून चाचांना विचारायला गेलो. मी त्यांना दोन्ही परवाने साध्या शब्दांत सांगितले: एकात घेणारा काहीही न सांगता घेऊन जाईल, दुसऱ्यात त्याला नाव लिहावं लागेल. चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"पैशाचं काय नाय बाई. पर तंबोरा इथनं जातो ना, मग तो गवयाचा होतो. नाव त्याचंच निघतं, आणि तसंच पायजे. ह्यात तरी मिरज ऱ्हाऊ द्या."

बीवाय ठरला. वर्णनात मुलांनी लिहिलं: तंबोरा, काळी पाच, सतारमेकरांचं दुकान, मिरज, मग चाचांनी सांगितलं तसं त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव. चढवण्याआधी त्यांना इअरफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी पूर्ण दोन मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. पंचमाची तार छान आहे म्हणाले, जोडाच्याही. खर्ज मात्र त्या दिवशी दमट हवेत जरा उतरला होता, तो त्यांना चालेना.

"ह्ये नका पाठवू. थंडी पडली की या, परत लावून देतो."

तेव्हा आमचा तंबोरा अजून चढलेला नाही. वहीत त्याच्या रकान्यात तारखेची जागा रिकामी आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी आठला, दुकान उघडायच्या आधी आम्ही जाणार आहोत.