व्हीलचेअर लिफ्टची कोच रस्त्यावर आणताना : ब्रिटनमधला माझा अनुभव

इंग्लंडमधल्या एका खासगी कोच (म्हणजे लांब पल्ल्याची, उंच फरशीची बस) कंपनीत गाड्यांचं पासिंग आणि कागदपत्रं मी बघतो. शाळेच्या फेऱ्या, सहली, खासगी भाड्याच्या गाड्या आणि रेल्वेमार्ग दुरुस्तीसाठी बंद असला की स्टेशन ते स्टेशन चालणाऱ्या बदली बस, असं आमचं काम आहे. व्हीलचेअरवरच्या आणि चालायला त्रास असलेल्या प्रवाशांसाठीच्या नियमांत हा ताफा बसवून घेताना जे करावं लागलं आणि जिथे गाडं अडतं, ते इथे मांडतोय.

नियमाचं नाव पब्लिक सर्व्हिस व्हेइकल्स ॲक्सेसिबिलिटी रेग्युलेशन्स २०००. धंद्यात सगळे त्याला पीएसव्हीएआर म्हणतात. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २२ पेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या गाड्यांना तो लागतो. नव्या गाड्यांपासून सुरुवात झाली आणि जुन्यांना मुदती दिल्या गेल्या : मोठ्या सिंगल डेकर बसना १ जानेवारी २०१६, डबल डेकरना १ जानेवारी २०१७ आणि कोचना १ जानेवारी २०२०. शहर बसवाल्यांचं काम त्या मानाने सुटसुटीत होतं. खालच्या फरशीची बस घ्यायची, दारात रॅम्प, की झालं. कोचची फरशी मात्र सामानाच्या कप्प्यांच्या वर, जमिनीपासून मीटरभर किंवा त्याहून उंच असते. तिथे रॅम्प चालत नाही, लिफ्टच लागते. म्हणून खरी कसरत कोचवाल्यांची झाली.

कुठल्याही मालकाने वर्कशॉपला फोन करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. हा नियम लागतो की नाही, हे गाडी त्या दिवशी कुठलं काम करते त्यावर ठरतं. तीच ५३ सिटांची कोच शनिवारी एखाद्या क्लबाने अख्खी भाड्याने घेतली तर नियम लागत नाही. सोमवारी तीच गाडी ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या थांब्यांवर प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेऊन चालली, तर ती ‘शेड्यूल्ड सर्व्हिस’ होते आणि लिफ्ट नसेल तर गुन्हा होतो. हा फौजदारी गुन्हा आहे, २०१० च्या इक्वालिटी ॲक्टखाली.

‘वेगळं भाडं’ या दोन शब्दांवर अख्खा धंदा अडकला. शाळेच्या फेरीचे सगळे पैसे कौन्सिल (तिथली स्थानिक पालिका) भरत असेल आणि एकाही पालकाकडून काही घेतलं जात नसेल, तर ती नियमाबाहेर. पण रिकाम्या राहिलेल्या दोन-चार सिटा पालकांना विकल्या की तीच फेरी नियमात येते. रेल्वेच्या बदली बसचंही तसंच. प्रवासी बसमध्ये पैसे देत नाही, पण रेल्वेचं तिकीट त्याने काढलेलं असतं आणि तेच भाडं मानलं जातं. २०१९ मध्ये हे स्पष्टपणे पुढे आलं तेव्हा देशभर लिफ्ट असलेल्या कोच पुरेशा नव्हत्याच. मग सरकारने तात्पुरत्या सवलती दिल्या. २०२२ मध्ये शाळा आणि रेल्वे-बदलीच्या कामासाठी ३१ जुलै २०२६ पर्यंतची सूट जाहीर झाली, तीही ताफ्यातल्या सुसज्ज गाड्यांचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवण्याच्या अटीवर. अशी सूट हातात असताना स्वस्थ बसणं मला पटत नाही. ज्या प्रवाशाला स्टेशनबाहेर उभं राहून ‘तुमच्यासाठी टॅक्सी मागवतो, थांबा’ हे ऐकावं लागतं, त्याच्यासाठी ती सूट म्हणजे आणखी काही वर्षांचं थांबणं आहे.

म्हणून आमच्याकडे काम कागदापासून सुरू झालं. प्रत्येक कंत्राट एका ओळीत : पैसे कोण देतं, प्रवाशागणिक भाडं आहे का, मार्ग आणि थांबे ठरलेले आहेत का, गाडी किती सिटांची लागते, आठवड्यात किती वेळा. हा तक्ता झाल्यावर लक्षात येतं की सगळ्या ताफ्याला लिफ्टची गरज नाही, पण जितक्या गाड्यांना आहे त्याहून एक जास्त हवी. लिफ्टची गाडी वर्कशॉपला गेली की तिच्या जागी साधी कोच पाठवता येत नाही. ही जादाची गाडी बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत आणि मग पहिल्याच मोठ्या दुरुस्तीला कंत्राट धोक्यात येतं. वीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वर्षात २० दिवसांपर्यंत मुभा आहे, पण ती हौशी जुन्या गाड्यांसाठी आहे, तिच्यावर नेहमीचं काम उभं राहत नाही.

पुढचा प्रश्न, जुन्या कोचमध्ये लिफ्ट बसवायची की लिफ्टसकट गाडी घ्यायची. माझं मत स्पष्ट आहे : गाडी मुळात लिफ्टच्या हिशेबाने बांधलेली नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. लिफ्ट बसवायची म्हणजे बाजूला नवं दार, म्हणजे बॉडीचे खांब कापून पुन्हा जोडणं. खाली कॅसेट, म्हणजे गाडीच्या पोटाखाली सरकून बसणारी लिफ्ट, बसवायची तर सामानाचा कप्पा जातो, कधी डिझेलची टाकी किंवा एसीचे पाइप हलवावे लागतात. वजन वाढतं, त्यामुळे ॲक्सलवरचा भार पुन्हा तपासावा लागतो आणि सिटा कमी होण्याची वेळ येऊ शकते. याउलट काही कंपन्यांनी गाड्या विकतानाच फरशीत रूळ, दाराची चौकट आणि वायरिंग तयार ठेवलेलं असतं, फक्त लिफ्ट बसवलेली नसते. अशा गाडीत काम सरळ होतं.

लिफ्टचे दोन प्रकार जास्त दिसतात. एक पोटाखालची कॅसेट, जी बाजूच्या दाराखालून ड्रॉवरसारखी बाहेर येते. दुसरी पुढच्या दारातच पायऱ्यांच्या जागी दडलेली. पुढच्या दाराच्या लिफ्टचा मोठा फायदा म्हणजे व्हीलचेअरवरचा प्रवासी सगळ्यांच्याच दारातून चढतो आणि लिफ्टचे भाग रस्त्याच्या चिखलापासून बरेच वर राहतात. पोटाखालच्या कॅसेटवर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि पाणी सतत उडतं.

आता मापं. नियमाच्या परिशिष्टात एक प्रमाण व्हीलचेअर दिली आहे : १२०० मिलिमीटर लांब, ७०० रुंद, आणि माणूस बसल्यावर उंची १३५०. गाडीतली जागा तिच्यासाठी किमान १३०० लांब, ७५० रुंद आणि १५०० उंच मोकळी हवी. लिफ्टने ३०० किलो उचलायलाच हवेत. हा आकडा उगाच मोठा ठेवलेला नाही. बॅटरीवर चालणारी जड खुर्ची एकटीच दीडशे किलोच्या पुढे जाते, त्यात माणूस आणि कधी सोबतचा मदतनीस.

तपासणी दोन वाटांनी होते. गाडीचा तो प्रकार आधीच मंजूर असेल तर उत्पादकाच्या अनुरूपतेच्या घोषणेवरून मंजुरीचं प्रमाणपत्र मिळतं. नसेल तर ती एक गाडी डीव्हीएसए या सरकारी संस्थेच्या तपासनिसाला दाखवून ॲक्सेसिबिलिटी सर्टिफिकेट घ्यायचं. तपासनीस टेप घेऊन येतो आणि तो टेप कुठे अडतो हे आधीच स्वतः मोजून ठेवावं. रुंदी फरशीवर ७५० भरते, पण शेजारच्या सिटाचा हातटेका त्यात २० मिलिमीटर घुसलेला असतो. उंची मधोमध १५०० भरते, पण खिडकीच्या बाजूला वरच्या सामानाच्या रॅकची कड खाली आलेली असते. टेप मधोमध धरून समाधान मानू नये, आयताच्या चारही कोपऱ्यांत धरावा. ड्रायव्हरला बोलावण्याचं बटण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला लागतं का, हे स्वतः बसून बघावं.

लिफ्टच्या नादात परिशिष्टातला दुसरा भाग राहून जातो. चालणाऱ्या पण कमी दिसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी तोच महत्त्वाचा आहे : पायरीच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी, न घसरणारी फरशी, सहज पकडता येतील आणि नजरेत भरतील असे दांडे, आणि बाहेरचा फलक. समोरच्या फलकावर ठिकाणाचं नाव किमान १२५ मिलिमीटर उंच अक्षरांत, बाजूच्या फलकावर ७० मिलिमीटर. नाव सगळं कॅपिटल अक्षरांत लिहायचं नाही, कारण मोठ्या-लहान अक्षरांनी शब्दाचा जो आकार तयार होतो तो दुरून आणि अधू नजरेला लवकर ओळखू येतो. काचेत चिकटवलेल्या छापील कागदावर रेल्वे-बदलीची फेरी काढणं म्हणूनच नियमात बसत नाही, लिफ्ट चकाचक असली तरीही. जुन्या कोचच्या समोरच्या काचेत एवढा फलक बसवताना ड्रायव्हरची नजर अडू नये, याची जागा आधी ठरवावी.

प्रमाणपत्र हातात आलं की मालकाला वाटतं संपलं. तिथून पुढचा रोजचा भाग जास्त कठीण आहे. लिफ्ट माणसं उचलते, म्हणून १९९८ च्या लोलर नियमांखाली (उचलण्याच्या यंत्रांच्या सुरक्षेचे नियम) तिची दर ६ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी लागते. ती गाडीच्या वार्षिक पासिंगपेक्षा वेगळी, तारीख वेगळी, कागदही वेगळा. दोन्ही तारखा एकाच फळ्यावर असाव्यात.

लिफ्ट बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ती वापरली न जाणं. आठवडेच्या आठवडे कोणी व्हीलचेअरवर येत नाही, कॅसेटचे रूळ मिठाने आणि चिखलाने घट्ट होतात, मायक्रोस्विचवर गंज चढतो आणि ज्या दिवशी प्रवासी येतो त्याच दिवशी प्लॅटफॉर्म अर्ध्यावर थांबतो. उपाय साधा आहे. ज्या सकाळी ती गाडी नियमात येणाऱ्या फेरीवर जाणार, त्या सकाळी ड्रायव्हरने डेपोतच लिफ्ट पूर्ण बाहेर काढायची, जमिनीला टेकवायची, वर न्यायची, आत घ्यायची. याची नोंद टायर-दिव्यांच्या रोजच्या तक्त्यातच एक ओळ वाढवून करायची. वेगळा तक्ता दिला की तो भरला जात नाही. प्लॅटफॉर्म हललाच नाही तर आधी हँडब्रेक पूर्ण लागलाय का आणि दार पूर्ण उघडलंय का ते बघावं. त्यांचा इंटरलॉक असतो, म्हणजे ते दोन्ही झाल्याशिवाय लिफ्ट हलतच नाही, आणि बऱ्याच ‘बिघाडां’चं मूळ तिथेच निघतं. मग बॅटरीचा व्होल्टेज. तरीही नाही तर हातपंप. त्याचा दांडा कुठे ठेवलाय आणि कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, हे प्रत्येक ड्रायव्हरने हाताने करून पाहिलेलं असलं पाहिजे. वाचून ते लक्षात राहत नाही.

आत आल्यावर खुर्ची बांधणं. चार पट्टे, दोन पुढे, दोन मागे. आकडा खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला लावायचा. चाकाला, पायटेक्याला किंवा निघणाऱ्या कुठल्याच भागाला नाही. मागचे पट्टे साधारण ४५ अंशांत उतरले पाहिजेत. माणसाचा पट्टा वेगळा, तो कमरेवर आणि खांद्यावरून अंगालगत जायला हवा. खुर्चीच्या हातटेक्यावरून ताणला तर ब्रेक लागल्यावर माणूस त्याखालून पुढे सरकतो. फरशीतल्या रुळात वाळू, बिस्किटांचा चुरा, खडे साचतात आणि पट्ट्याचा अँकर बसल्यासारखा दिसतो पण लॉक होत नाही. म्हणून प्रत्येक वेळी खटका ऐकू आला तरी अँकर वर ओढून बघायचा. पट्टे फरशीवर पडू द्यायचे नाहीत, पिशवीत ठेवायचे.

जागा करण्यासाठी सहसा ४ सिटा काढाव्या लागतात. काढलेल्या सिटा कुठे ठेवायच्या हे आधी ठरलेलं नसेल तर ड्रायव्हर त्या सामानाच्या कप्प्यात कोंबतो आणि कापड फाटतं. त्यापेक्षा नियमातल्या फेरीवर निघतानाच जागा मोकळी ठेवावी. चार सिटांचं उत्पन्न जातं हे खरं, पण रेल्वे-बदलीत प्रवासी आधी कळवून येत नाही. स्टेशनच्या फाटकाशी त्याला थांबवून, मागे साठ माणसं ताटकळत असताना सिटा सोडवत बसणं हे त्या प्रवाशाच्या वाट्याला यायला नको. थांब्याची जागाही आधी बघून ठेवावी. पोटाखालची लिफ्ट बाहेर आल्यावर तिच्यापुढे खुर्ची वळवायला निदान तेवढीच जागा पुन्हा लागते, आणि कठड्यालगत किंवा तिरक्या उताराच्या रस्त्यावर प्लॅटफॉर्म सपाट टेकत नाही.

आपल्याकडच्या बसमालकांसाठी एक जोड. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ वाहतुकीबद्दल आहे, आणि केंद्राने २७ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने मोटार वाहन नियमांत बदल करून १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव सिटा, खुणा, कुबड्या-काठ्या अडकवायची सोय, दांडे, आणि व्हीलचेअर आत येण्याची व बांधण्याची व्यवस्था घातली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी प्रकरणात केवळ शिफारशीवजा मानकं पुरेशी नाहीत, सक्तीची हवीत, असं सांगितलं. तेव्हा बॉडी बिल्डरला ऑर्डर देतानाच फरशीतले रूळ आणि दाराची चौकट मागून ठेवणं शहाणपणाचं. नंतर कापाकापी महाग पडते.

जुनी लिफ्टची कोच विकत घेणाऱ्यांनी सौदा करण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात : ॲक्सेसिबिलिटी सर्टिफिकेट किंवा मंजुरीचं प्रमाणपत्र, त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतोय का, आणि लिफ्टचे मागचे सहामाही तपासणी अहवाल. प्रमाणपत्रानंतर मधल्या मालकाने सिटा वाढवल्या असतील तर जागेची मापं बिघडलेली असतात, म्हणून टेप घेऊनच जावं. आणि लिफ्ट विक्रेत्याला चालवू देऊ नये. स्वतः चालवावी, तीनशे किलो वजन ठेवून, जमिनीपासून फरशीपर्यंत आणि परत.