ताल तोच, ठेका निराळा

गणपतीत वर्तमानपत्रं छापतात, 'ढोल-ताशांच्या तालावर तरुणाईने ठेका धरला.' त्या वाक्यातला ठेका पायांचा असतो. तबलजीचा ठेका वेगळा, आणि तो तालाहूनही वेगळा, हे लक्ष्मी रोडवर मिरवणूक चालू असताना कुणाला सांगायला जाऊ नये.

ताल म्हणजे मात्रा (म्हणजे ठोके) किती, विभाग कसे, टाळी कुठे आणि खाली (टाळी न देता हात नुसता हलवायची जागा) कुठे याचा हिशेब. हा हिशेब तबल्यावर 'धा', 'धिं' अशा ठरलेल्या बोलांनी वाजतो तो ठेका. तीनतालाच्या १६ मात्रा, चार-चारचे विभाग, पहिली, पाचवी, तेरावी टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली. तिलवाडा या दुसऱ्या तालाचा हिशेबही तंतोतंत हाच! हातांनी टाळ्या देऊन दाखवलेत तर परीक्षकालाही ओळखता यायचं नाही. पण तीनताल 'धा धिं धिं धा' म्हणत सरळ निघतो, तर तिलवाड्यात दुसऱ्याच मात्रेला 'तिरकिट' येतं आणि चाल जड होते. ग्वाल्हेर घराण्याच्या गवयांचा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, या जडपणात छान ऐसपैस बसतो.

१४ मात्रांत याहून मजा. झूमरा आणि दीपचंदी हे दोन ताल म्हणजे सदाशिव पेठेतल्या एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडं: खोल्या तेवढ्याच, फोडणीचा वास निराळा. दोन्हीकडे तीन-चार-तीन-चार, दोन्हीकडे आठवीवर खाली. दीपचंदीचं 'धा धिं ऽ, धा धा तिं ऽ' कानावर पडलं की ठुमरी नाहीतर होरी, म्हणजे होळीचं गाणं, येणार हे कळतं. झूमरा मात्र विलंबित, म्हणजे संथ, ख्यालाचा. त्याच्यावर होरी म्हणून बघा, रंगाऐवजी नुसतं पाणीच उडेल. धमारही १४ मात्रांचाच, पण त्याचे विभाग पाच-दोन-तीन-चार, त्यामुळे तो निदान हातावरून तरी ओळखता येतो. एकताल आणि चौताल यांचीही तीच कथा. बारा मात्रा, टाळ्या-खाली सारख्या. एक तबल्यावर ख्यालाला, दुसरा पखवाजावर ध्रुपदाला.

आपण मैफलीत 'वा, काय ताल आहे!' म्हणतो तेव्हा डोलत असतो बहुधा ठेक्यावरच. हिशेबावर कोण डोलणार?

याची परीक्षा कर्नाटक संगीताच्या मैफलीत होते. तिथे ठेका नावाची गोष्टच नाही. गायक स्वतः मांडीवर हाताने ताल ठेवतो आणि मृदंगवादक त्या चौकटीत मोकळा वाजवतो. १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेलं हे शहर. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, माना हलवण्यात आमचा हात, म्हणजे मान, कुणी धरू शकत नाही. पण मृदंग सुरू झाला की भल्याभल्या रसिकांची बोटं थबकतात. मग शेजारचे काका हळूच पत्नीला म्हणतात, "तू मृदंगाकडे लक्ष देऊ नकोस, गायकाच्या हाताकडे बघ."